वास नाही

पाच महिन्यांनी घरी परतलेल्या बाईंना आधी काय हवं होतं, तर गार पाण्याने तोंड धुवायला. थोरल्या बहिणीचं मांडीचं हाड मोडलं होतं. तिच्या गावी राहून तिचं अंथरुणातलं सगळं करता करता बाईंच्या नाकी नऊ आले होते. अखेर बहीण काठी धरून चालायला लागली, आणि इकडे सुनेचे दिवस भरत आले, म्हणून त्या सकाळच्या गाडीने निघाल्या आणि दुपारी घरी पोचल्या. बॅग दारातच टाकून स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, ओंजळ भरली, आणि ओंजळ तोंडाशी यायच्या आतच हात झटकून मागे सरल्या.

पाण्याला वास येत होता. थोडाथोडका नव्हे. कपाटामागे उंदीर मरून आठ दिवस झाल्यावर येतो तसा, आणि त्यात कसलासा गुळचटपणा मिसळलेला, म्हणजे नुसती घाण परवडली म्हणायची वेळ.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. नवरा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर माणूस, सांगितलेलं काम मन लावून करणारा. त्याने पेला भरला, उजेडात धरला, हुंगला, अर्धा पिऊनही पाहिला आणि म्हणाला की पाणी आहे तसंच आहे, प्रवासाने तुझं डोकं चढलंय. तेवढ्यात सून आली. ही तीच सून, जिला तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या घरातल्या फोडणीनेसुद्धा उलटी व्हायची. तिने त्याच नळाखाली तांब्या धरला, घटाघटा प्यायली, ओठ पुसले आणि सासूला वाकून विचारलं की मावशींचा पाय कसा आहे.

बाई घाबरल्या. कारण सांगते. वास येतो की नाही हे ओळखणं हीच बाईंची नोकरी होती.

पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं तपासनीस होत्या. नातेवाईक चेष्टा करायचे, नळाला नाक लावायचा पगार घेते म्हणून. पण कामाला शिस्त होती. दर सोमवारी शहराच्या पाण्याचा नमुना काचेच्या चंबूत घ्यायचा, कोमट करायचा, बूच लावून हलवायचा आणि बूच काढल्या काढल्या हुंगायचा. शेजारी दुसरा चंबू ठेवायचा, त्यात कोळशातून गाळलेलं, मुळीच वास नसलेलं पाणी. दोन्ही हुंगून फरक पाहायचा. हुंगायचं तिघांनी, एकमेकांकडे पाठ करून, आणि निकाल चिठ्ठीवर लिहायचा. तिघांपैकी दोघे म्हणतील ती नोंद वहीत जायची. तिसऱ्याचं पटत नसेल तर त्याच्यासाठी 'वेगळं मत' असा एक रकाना होता. त्यात एक ओळ पडली की नियमाने नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचा. बावीस वर्षांत त्या रकान्यात कोणी टिंबसुद्धा दिलं नव्हतं. पाणी चांगलंच होतं ना, मग लिहायचं काय!

सोमवारी बाई कामावर रुजू झाल्या. तीन नाकं नेहमीचीच होती. एक बाईंचं, एक साहेबांचं, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञांचं, आणि एक काकांचं. काका प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, चंबू असे लखलखीत घासायचे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. बाईंनी नमुना हुंगला. तोच वास, डोळ्यांत पाणी आणणारा. दुसरा चंबू हुंगला आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यालाही तोच वास. अगदी तोच, तेवढाच.

त्यांनी काकांना विचारलं की हे बिनवासाचं पाणी आणलं कुठून. काका म्हणाले, नळातून. कोळशाची नळी फुटून नऊ वर्षं झाली होती. नवी मागवली होती, ती काही आली नाही. मग काका तोच नळ सोडून दोन्ही चंबू भरत होते. त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

"पाणी ते पाणीच की, बाई," काका म्हणाले. "फरक पडला असता तर तुमच्यासारख्या माणसाला कळलाच असता."

आता बोला. नऊ वर्षं इथली तीन-तीन शहाणी माणसं नळाचं पाणी नळाच्याच पाण्याशी ताडून बघत होती आणि फरक नाही म्हणून सह्या ठोकत होती. बाईंनी जुन्या वह्या काढल्या. पानामागून पान, वास नाही, वास नाही, आणि खाली त्यांचीच ठसठशीत सही. पाच महिने बाहेरगावचं पाणी प्यायल्या म्हणून आज नाक उघडलं. म्हणजे त्याआधी त्याही हेच पीत होत्या, यातच अंघोळ करत होत्या, मुलाला यातच लहानाचा मोठा केला होता. बाईंना स्वतःची इतकी शिसारी आली की त्यांनी वही पालथी घातली.

पण बाई नाकासमोर चालणारी, हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हे. त्यांनी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. कोठारात कोळशाची सीलबंद बरणी धूळ खात पडली होती. एक रुंद काचेची नळी शोधून तीत कोळसा भरला आणि थेंबथेंब पाणी गाळत बसल्या. बुधवारपर्यंत चंबूभर पाणी जमलं. बाईंनी ते हुंगलं. काहीच नाही. बहिणीच्या घरच्या पाण्यासारखं, स्वच्छ, नुसतं गार. त्यांचा जीव भांड्यात पडला. आता खरी तुलना होईल, आता दोघांनाही कळेल.

बुधवारी चाचणी पुन्हा झाली. साहेबांनी नमुना हुंगला, मान हलवली, ठीक. मग गाळलेल्या पाण्याचं बूच काढलं आणि त्यांचा चेहरा पिळवटला. चंबू टेबलावर ठेवून ते खिडकीशी गेले. काकांनी तर तोंडाला पंचा लावला. दोघांच्या पाठी एकमेकांकडे होत्या, दोघांनी एक शब्द काढला नव्हता, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर निघाला. नमुना, वास नाही. गाळलेलं पाणी, असह्य दुर्गंधी.

 बाईंनी दोघांना बाहेर पाठवलं, चंबूंच्या जागा बदलल्या, खुणेच्या पट्ट्या तळाशी चिकटवल्या आणि परत बोलावलं. निकाल तोच. तिसऱ्यांदा केलं, तरी तोच. नाटक करणारा माणूस तीनदा न चुकता नाटक करू शकत नाही. त्या दोघांना चांगल्या पाण्याची खरोखर घाण येत होती.

काका गेल्यावर साहेबांनी बाईंना खोलीत बसवलं आणि टेबलाचा खण उघडून एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनीच लिहिलेलं पत्र होतं ते. पाण्याला भयंकर दुर्गंधी आहे, पाण्यातला गाळ बसवायची दुसरी टाकी कित्येक वर्षं उपसलेलीच नाही, कागदावर मात्र दरवर्षी उपसली जाते, तिच्या तळाशी काय काय कुजतंय ते देव जाणे. टाकी उपसायचं कंत्राट नगराध्यक्षांच्या मेव्हण्याकडे होतं, हे पत्रात नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती, सगळ्या शहराला ठाऊक होतं. साहेबांनी पत्र शुक्रवारी पाठवायचं ठरवलं होतं. शुक्रवारपर्यंत वास यायचा थांबला.

"अक्षर माझं आहे, एवढंच कळतं," साहेब म्हणाले. "मी खोटं लिहीत नाही, बाई. मला खरंच वास येत नाही. याची भीती वाटायला हवी, पण तीही वाटत नाही."

मग त्यांनी वरून येणाऱ्या तपासणी पथकाचंही सांगितलं. पथक दरवर्षी यायचं. नगराध्यक्ष त्यांना स्वतः उतरवून घ्यायचे, विश्रामगृहात ठेवायचे, आणि पाहुण्यांना आल्या आल्या कामाला जुंपणं बरं दिसत नाही म्हणून चार दिवस शहर दाखवायचे. पाचव्या दिवशी पाणी तपासलं जायचं. यात कोणाचा डाव होता का, बाईंनी विचारलं. साहेबांनी पत्र खणात परत ठेवलं. पहिल्या वर्षी असेल, म्हणाले. आता ती नुसती रीत आहे.

बाईंना टाकीबद्दल, मेव्हण्याबद्दल चार शब्द सुनवायचे होते, पण जीभ रेटेना. त्यांच्या मुलाची बाहेरगावची नोकरी नगराध्यक्षांच्या चिठ्ठीनेच लागली होती. ती चिठ्ठी आणायला त्या स्वतः गेल्या होत्या, नवी साडी नेसून, हात जोडून. त्यावेळी आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. सगळेच आणत होते.

तरी त्यांनी एक गोष्ट पक्की केली. वहीत नोंद फक्त सोमवारी व्हायची, तेव्हा येत्या सोमवारी 'वेगळं मत'च्या रकान्यात लिहायचं. नमुना बाहेर जाईल, आणि बाहेरची माणसं तिथेच बसून हुंगतील, इथला पाहुणचार घेणार नाहीत. टाकी उपसावी लागेल. घरात येणारं बाळ तरी या घाणीत वाढणार नाही. फक्त सोमवारपर्यंत नाक शाबूत राहायला हवं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. कारण गुरुवारी सकाळी नळ सोडला तेव्हा वास थोडा कमी वाटला. पाणी सुधारलं नव्हतं. बाई बिघडत होत्या.

त्याच दिवशी त्यांनी उरलेला कोळसा घरी आणला, डबा घेऊन तळाला भोकं पाडली, वाळू आणि कोळसा भरला, आणि पिणं, अंघोळ, चूळ, सगळं गाळलेल्या पाण्याने सुरू केलं. शुक्रवारी वास पुन्हा पहिल्यासारखा आला, आणि इतक्या घाणेरड्या गोष्टीचा आनंद होण्याची बाईंच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. पण दुसरंही काही सुरू झालं. बसमध्ये शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. काका चहा टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवून जायला लागले. जेवताना नवऱ्याने आपली खुर्ची हळूच पलीकडे ओढली. तीस वर्षांचा संसार, मास्तरांनी कधी दुखवलं नव्हतं. ते खाली बघत म्हणाले की राग मानू नकोस, पण हल्ली तुझ्या अंगाला वास येतो.

शुक्रवारी संध्याकाळी सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि शनिवारी सकाळी मुलगी झाली. सुखरूप, विनाटाके. नर्सने तिला तिथल्याच पाण्याने पुसून आईच्या कुशीत दिली आणि पोरगी चुरूचुरू प्यायला लागली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत जायचं धाडस होत नव्हतं, कारण खोलीतल्या इतर दोघी बाळंतिणींनी नाकाला पदर लावला होता.

नेमके तेव्हाच नगराध्यक्ष रुग्णालयाच्या फेरीवर आले. गोड माणूस, घराघरातली खबर ठेवणारा. नात झाली का, पेढे कधी, असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या नळाचा पेला भरून घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघत होत्या. कुठे एक सुरकुती तरी हलते का, डोळ्यांत लबाडी दिसते का. काही नाही. तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तसे प्यायले. मग एक पाऊल मागे सरून, अगदी आपुलकीने म्हणाले की बाई, तुम्ही तब्येतीला जपा, कसंतरीच दिसतंय तुमचं. मुलाचीही चौकशी केली. बाईंनी नकळत हात जोडले.

रविवारी सकाळी सून बाळाला घेऊन घरी आली. बाळाची पहिली अंघोळ आजीने घालायची, हे आधीच ठरलं होतं. बाईंनी आदल्या दिवसापासून थेंबथेंब करून घंघाळभर पाणी गाळून ठेवलं होतं. ते कोमट केलं, पाय पसरून बसल्या, पोरीला पायांवर घेतलं. तिच्या केसांना, मानेच्या वळ्यांना रुग्णालयातला तो वास होता. बाईंनी तो अंग चोळून चोळून धुतला. पोरगी रडली नाही. डोळे उघडून टकामका बघत राहिली. तिला टिपून बाईंनी तिच्या टाळूला नाक लावलं. नव्या बाळाचा तो वास, दुधाचा, कोवळ्या कातडीचा. बाईंना रडू आलं. इतक्या वर्षांत मुलाच्या टाळूला हा वास होता की नव्हता, हेही त्यांना आठवेना.

त्यांनी पोरीला सुनेच्या हातात दिलं. सुनेने हसत छातीशी घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा साहेबांसारखा पिळवटला. तिने पोरीला अंगापासून लांब धरलं.

"आई, हिला काय लावलंत? हिला घाण येतेय."

काही लावलं नाही, नुसती अंघोळ घातली, बाईंनी सांगितलं. सुनेने पुन्हा प्रयत्न केला. श्वास रोखून पोरीला जवळ घेतलं आणि तिला उमासा आला. मास्तर आले, वाकले आणि तेही मागे झाले. मुलीला गादीवर ठेवलं. ती रडायला लागली. सूनही रडायला लागली, कारण तिला कळत होतं की आपलंच लेकरू आहे, आणि हात पुढे होत नव्हते. कोणत्या आईला आपल्या पोरीची किळस येते, मी काय राक्षसीण आहे का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.  बाईंनी वाटीचमच्याने दूध पाजून पाहिलं, पोरीने जिभेने बाहेर ढकललं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांचं असं होतं, वाट बघा.

वाट बघितली. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. पोरीचा आवाज आधी घर डोक्यावर घेणारा होता, मग चिरका झाला, मग नुसताच तोंडाचा आ व्हायला लागला. सुनेची छाती दुधाने दगडासारखी झाली होती आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तर दारातून म्हणाले की तू काय करून ठेवलंस ते तूच निस्तर. बावीस वर्षं लोकांच्या पाण्याचा निवाडा करणाऱ्या बाई स्वयंपाकघरात एका डब्याकडे आणि एका नळाकडे बघत उभ्या होत्या, आणि आत मूल भुकेने निपचित होत चाललं होतं.

मग बाईंनी नळ सोडला.

घंघाळ भरलं तसं घरभर ती घाण पसरली, निदान त्यांच्यापुरती तरी. त्यांनी पोरीला पायांवर घेतलं आणि पहिला तांब्या घातला. निपचित पडलेली पोरगी किंचाळली. इवलीशी मान फिरवत होती, तोंड चुकवत होती. तिला येत होता वास. घरात वास येणाऱ्या दोघीच होत्या, एक दोन दिवसांची आणि एक पंचावन्न वर्षांची, आणि मोठी धाकटीला दाबून धरून न्हाऊ घालत होती. बाईंनी काही राखलं नाही. केसांतून, कानांमागून, बोटांच्या बेचक्यांतून पाणी चोळलं, तोंडावरून हात फिरवला. बाळ, थोडं सहन कर, एवढंच पुटपुटत होत्या.

सुनेने हात पुढे केले. पोरीच्या डोक्याला नाक लावून तिने इतका खोल श्वास घेतला की तिचे डोळेच मिटले. "आता कशी माझी सोनू," ती म्हणाली. पोरगी हुंदके देत देत प्यायला लागली. मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली. सगळं घर निवांत झालं. बाई न्हाणीत जाऊन भडभडून ओकल्या.

सोमवारी चाचणी झाली. काकांनी दोन्ही चंबू नळावर भरून, लखलखीत पुसून ठेवले होते. तिघांनी एकमेकांकडे पाठ केली. बाईंनी बूच काढलं. वास होता. कालच्यापेक्षा तसूभर कमी नाही, उलट हातांनाही तो लागलेला होता, नखांत बसलेला होता. साहेबांनी आणि काकांनी आपापल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मग साहेबांनी वही उघडून बाईंपुढे सरकवली, 'वेगळं मत'च्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन दिलं. ते खरोखर वाट बघत होते. बाई लिहितील तर ते वर पाठवणार होते. अडवणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

एक ओळ लिहायची होती. पाण्याला असह्य दुर्गंधी आहे. बाईंनी पेन टेकवलंही. मग त्यांना दिसलं की ही ओळ लिहिली तर काल संध्याकाळी आपण आपल्या दोन हातांनी काय केलं, तेही त्याच ओळीत लिहिलं जाईल. साहेबांना कळणार नाही, सुनेला कळणार नाही. पण आपल्याला कळेल, आणि मग घरी जाऊन पोरीला पुन्हा त्याच पाण्याने न्हाऊ घालायचं आहे, आज, उद्या, रोज.

त्यांनी पेन उचललं, चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले आणि वहीत सही केली. रकाना कोराच राहिला.

त्या पानावर तीन सह्या आहेत. साहेबांना आणि काकांना वास आला नव्हता, त्यांनी तसं लिहिलं. खोटं फक्त बाईंनी लिहिलं, कारण वास फक्त त्यांनाच येत होता.